पुढचा डावा पाय

आमच्या घराण्यात कधी कुणी घोड्यावर बसलं नव्हतं. कोळ्याचं पोर होडीत बसायचं सोडून घोड्यावर बसलं म्हणून अख्खा रेवदंडा हसला. माझा धाकटा भाऊ रतन अंगाने सुकटीएवढा. मुंबईला घोड्यांना खरारा करायला गेला आणि तिकडे जॉकी होऊन बसला. पुढे पेपरात त्याचं नाव छापून आलं तेव्हा हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली. मग मी हसले, भर बाजारात उभी राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं!

त्या साली महालक्ष्मीच्या मैदानावरची मोठी शर्यत तोंडावर आली होती. रतनच्या पारशी मालकाची त्यात दोन जनावरं पळणार होती, एक तांबडी घोडी आणि एक काळा घोडा. तबेल्यातला थोरला जॉकी रतन, म्हणून आधी निवड त्याची. राहील तो घोडा धाकट्या जॉकीला, सदाला. सदा आमच्याच वाड्यातला, काशीचा एकुलता एक. काशी माझी जन्माची मैत्रीण. नवरा समुद्रात गेला तेव्हापासून तिला त्या पोराशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

आदल्या साली रतन वळणावर पडला होता. खांद्याचं हाड मोडलं, बसलं, पण त्यानंतर एकही शर्यत त्याच्या हाती लागली नाही. ही पण गेली तर मालक दुसरा जॉकी बघणार, हे आम्हाला कुणी सांगायला नको होतं. आणि अशा वेळी हा शहाणा निवड करायची सोडून बोटीत बसून घरी आला.

सकाळी मी बाजाराला निघाले होते. हा पडवीत बसला आणि माझ्या पाटीतली मासळी काढून ओळीने मांडायला लागला.

"रतन्या, मुडद्या! विकायचा माल हाय तो!"

"थांब गं बाय, शर्यत दाखवतो." त्याने बोंबील पुढे ठेवला. "हा पुण्याचा लांबडा घोडा. सुटतो तीरासारखा, पण अर्ध्यात लुळा पडतो. हे पापलेट महाराजांचं, विलायतेहून आणलेलं. सगळी मुंबई याच्यावर पैसा लावणार. मी याच्या शेजारून पळालोय, याची छाती लहान हाय. शेवटच्या वळणाला दम तुटतो. हा बांगडा, मेहनती, पण गर्दी झाली की बुजतो."

बोलताना त्याचे डोळे असे चमकत होते की मी बाजार विसरले. मग त्याने शिंगाळा ठेवला. "हा आपला काळा. जड हाय, पण दगा देणार न्हाय." शेवटी सुरमई हातात घेतली आणि तिच्या पाठीवरून बोट फिरवत राहिला.

"आणि तांबडी?" मी विचारलं.

"तांबडीसारखी दुसरी न्हाय."

"मग बस की तिच्यावर! घोडं कुठं अडलं?"

त्याने सुरमई खाली ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पुढचा डावा पाय गरम लागतो तिचा. पळून आली की कुणी बघायच्या आत मी हात लावून बघतो. भर पळण्यात तो पाय गेला तर वर बसलेला मागच्या घोड्यांच्या खाली."

"मग मालकाला सांग."

"सांगितलं तर म्हणतील, पडल्यापासून रतन भ्यालाय. कारणं सांगतो."

आमच्या आईचं, मनुबाईचं, आपलं एकच. देवीला कौल लाव. गुणाजी गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. विचारायचं ते ज्याचं त्याने मनात विचारायचं, आणि काम होईपर्यंत त्याबद्दल ब्र काढायचा नाही, नाहीतर कौल बाटतो. रतन हात जोडून उभा राहिला. किती वेळ पाकळी हलेना. आईने माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी रुतली. मग उजवी पडली.

रतन बाहेर आला आणि म्हणाला, "काळ्यावर बसतो."

आईने देवीपुढे नाक घासलं. मला मात्र सदा आठवला. काळ्यावर रतन म्हणजे तांबडीवर सदा! घरी आल्यावर मी त्याला धरलंच.

"सदाला पायाचं सांग."

"कौल झालाय बाय. आता तोंड उघडायचं न्हाय."

"कौल घोड्याचा झालाय, पायाचा न्हाय! त्या पोराचं काही झालं तर काशीला तोंड कसं दाखवू मी?"

तो उठून किनाऱ्यावर निघून गेला. संध्याकाळच्या बोटीने मुंबईला गेला, मला न सांगता.

दुसऱ्या दिवशी काशी नारळ घेऊन दारात. चेहरा कसा फुलून आलेला! "नीरे, गुणाजीने सांगितलं मला. तुझ्या रतनने माझ्या सदासाठी चांगली घोडी सोडली गं. सख्खा भाऊ करणार न्हाय असं केलं."

माझ्याच्याने राहवलं नाही. कौल बाटो नाहीतर देवी कोपो, मी तिला आत ओढलं आणि सगळं सांगितलं. "त्याला बसू देऊ नकोस काशे. तुझ्या पाया पडते."

काशीने माझा हात झटकला. "आत्ता कळलं. रतनला पस्तावा झाला व्हय? घोडी परत पायजे?"

"काशे!"

"माझ्या पोराला एकदा कुठे संधी मिळतेय, तर पोटात दुखतंय तुझ्या." नारळ पडवीत ठेवून ती चालती झाली. मी कपाळावर हात मारून घेतला. अशी संतापले, अशी रडले, की आईला वाटलं कुणी गेलं.

शर्यतीच्या दिवशी आम्ही एकाच बोटीने मुंबईला गेलो. ती एका टोकाला, मी दुसऱ्या. मैदानावरच्या गर्दीने मात्र आम्हाला ढकलत ढकलत कठड्याशी शेजारी शेजारी आणून उभं केलं. ती माझ्याकडे बघेना. मी तिच्याकडे बघेना.

घोडे सुटले. लांबडा पुण्यावाला तीरासारखा पुढे गेला. बोंबील, मी मनात म्हटलं. अर्धं मैदान गेलं नाही तोच तो लुळा पडला. रतन बोलला होता तस्सं! महाराजांचा घोडा पुढे आला आणि लोक बेंबीच्या देठापासून ओरडायला लागले. शेवटच्या वळणाला त्याचा दम तुटला, बघता बघता मागे पडला. ते पण खरं झालं. बांगडा गर्दीत बुजून बाजूला गेला. रतनचा एकेक शब्द खरा होत होता आणि आता एकच शब्द खरा व्हायचा राहिला होता.

तांबडी पुढे आली. वर सदा, मागे सगळ्या घोड्यांचा लोंढा. मला फक्त तिचा पुढचा डावा पाय दिसत होता. आता जाईल, आता जाईल. कुणीतरी माझा हात धरला, गच्च. काशी होती. डोळे मिटून देवीचं नाव घेत होती. तिने खोटी ठरवलेली माझी गोष्ट तिच्या काळजात घर करून बसली होती.

"नीरे, काय झालं? सांग! पडला का?"

"न्हाय. पळतोय."

"आता?"

"पळतोय गं, पळतोय... काशे, आला! पयला आला!"

काशी तिथंच मातीत बसली आणि हंबरडा फोडून रडली.

आमचा काळा पाचवा आला. वळणावर सगळे घोडे कठड्याला चिकटून गेले, रतन एकटाच लांबून, बाहेरच्या अंगाने आला. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

घोडे परत आणले तिथे मी घुसले. तांबडीला धरून म्हसळ्याचा शिवदास उभा होता, तिची रोजची मालिश करणारा. मी म्हटलं, "देवानेच सांभाळलं बाबा. डावा पाय गरम असून पळाली."

तो हसला. "कुणाचा पाय? रोज माझ्या हाताखालून जातात चारही पाय. एवढे चांगले पाय अख्ख्या मैदानात न्हाईत, बाई."

मी वळले. रतन भिंतीला टेकून बसला होता, रंगीत सदरा घामाने अंगाला चिकटलेला. माझ्या जिभेवर शिव्या तयार होत्या. त्याने मान वर केली.

"पायाला काही नव्हतं बाय," तो म्हणाला. "वळण आलं की मला ते पडणं दिसतं. तांबडी वळणावर कठडा सोडत न्हाय, आतूनच घुसते. देवीला मी घोडा विचारलाच न्हाय. विचारलं, मला भीती वाटते, सोडू का तिला? तिने हो म्हटलं."

"आणि मला पायाचं का सांगितलंस?"

"तू विचारलंस, का बसत न्हाईस. काय सांगू? भ्यालो म्हणून?"

लहानपणी वाऱ्यात होडी कलंडली की तो माझ्या लुगड्यात तोंड खुपसायचा. तेच तोंड होतं ते. मी शिव्या गिळल्या आणि पदराने त्याचा घाम पुसला.

परतीच्या बोटीवर काशी माझ्याजवळ आली. तिचे डोळे सुजले होते. "नीरे, खरं सांग. पाय गरम होता का गं? बोलले तुला वाईटसाईट, पण तेव्हापासून डोळ्याला डोळा लागला न्हाय माझा. तू मला उगीच सांगणार न्हाईस."

रतन माझ्यामागे उभा होता.

उभ्या जन्मात मी कुणापुढे मान खाली घातली नव्हती. नवऱ्यापुढे नाही, सासूपुढे नाही, बाजारात तर नाहीच.

"न्हवता गरम," मी म्हटलं. "तू बोललीस ते खरं. माझ्या पोटात दुखलं."

काशीने आपलं गाठोडं उचललं आणि ती बोटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. रेवदंडा येईपर्यंत तिने वळून पाहिलं नाही. रतन माझ्या शेजारी येऊन बसला आणि माझी पिशवी त्याने आपल्या मांडीवर घेतली.