धाकटीच्या कॅसेटी

आई गेल्यावर धाकटीनं थोरलीला काय पाठवावं? कॅसेटींनी भरलेला बुटांचा खोका! वर फोन: "ताई, आईचा टेपरेकॉर्डर तुझ्याकडेच आहे, घरात कॉम्प्युटर आहे. या सगळ्यांच्या फाइली करून दे ना गं. तुझ्याशिवाय मला कोण आहे?"

गोड बोलून काम काढून घ्यावं तर धाकटीनंच. ताईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. लांब राहणाऱ्या या लाडक्या लेकीसाठी आई आवाज भरून कॅसेटी पाठवायची. आणि औषधं, अंघोळ, डॉक्टर सगळं निभावणाऱ्या थोरलीसाठी? एकही नाही.

तरी शिलाई मशीन बाजूला सारून ताईनं टेबलावर टेपरेकॉर्डर मांडला, कॉम्प्युटरला वायर जोडली आणि रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. या कामात घाई चालत नाही. कॅसेट पूर्ण वाजू द्यावी लागते, तेव्हा कुठे फाइल बनते. म्हणजे धाकटीचे लाड बसून ऐकायचे!

"कशी आहे माझी सोनी?" आई म्हणाली.

"हो, ती सोनी! आणि मी काय पितळ?" ताई गिऱ्हाइकाचा शर्ट उसवता उसवता फणकारली.

"तुझी फार आठवण येते गं."

"येणारच. समोर असते तिची कशाला येईल? रात्री उठून पाठ कोण चोळायचं तुझी? सोनी?"

असं शेवटपर्यंत चाललं. आई एक बोलायची, ही दोन सुनवायची. मनातली सगळी मळमळ बाहेर पडल्यावर तिला जरा बरं वाटलं. फाइल एमपीथ्री केली आणि ताईसाहेबांनी न ऐकताच धाडून दिली. ते कौतुक पुन्हा कोण ऐकणार!

दुसऱ्या दिवशी धाकटीचा फोन. "ताई, वायर नीट बसली नव्हती वाटतं. कॉम्प्युटरच्या माइकनं अख्खी खोली भरून घेतलीय. आईपेक्षा तूच जास्त ऐकू येतेस."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं ताईला. "सगळं ऐकलंस?"

"पितळेपासून पाठीपर्यंत." धाकटी हसली नाही. "माझा कसला हेवा करतेस? मीच जळायचे तुझ्यावर. प्रत्येक कॅसेटीत आई माझ्याशी बोलता बोलता थांबते आणि तुला विचारते, जेवलीस का? मला विचारून काय उपयोग, कॅसेट थोडीच उत्तर देते? तू आतून द्यायचीस. नेमकं तेच तुझ्या बडबडीत बुडालंय. पुन्हा करून दे."

"चल, काहीतरीच," म्हणून ताईनं फोन ठेवला. तिला यातलं काही आठवतच नव्हतं.

तिनं वायर खट्ट वाजेपर्यंत आत दाबली, कॅसेट मागे घेतली आणि तोंड गच्च मिटून बसली. सोनी झाली, आठवण झाली. मग मान वळवल्यावर जातो तसा आईचा आवाज जरा लांब गेला.

"अगं, जेवलीस का?"

आतून ताईचाच तरणा, वैतागलेला आवाज आला, "जेवेन गं! तुझं चालू दे आधी."

ताईच्या हातातला शर्ट खाली पडला.

"नाही गं आई, अजून नाही," ती म्हणाली.

या खेपेला वायर पक्की बसली होती. फाइलीत ते आलं नाही.