नऊवर थांब

मी वरच्या तलावातली पाणी मोजायची पट्टी बोलतेय. जन्म भट्टीतला, आयुष्य मात्र सगळं गार पाण्यात! दुपारी उन्हाची वीज उतू जाते, तेव्हा खालच्या तलावातलं पाणी पंपानं वर चढवतात. संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की तेच पाणी खाली सोडून वीज करतात. मी रोज गळ्यापर्यंत बुडायचं, रोज गुडघ्यापर्यंत उघडं पडायचं. नुसता वैताग!

त्यात प्रकल्प बघायला आलेले पाहुणे विचारतात, "चढवायला लागते तेवढी वीज परत मिळत नाही, मग कशाला हा खटाटोप?" अहो, दुपारची वीज संध्याकाळपर्यंत काय डब्यात भरून ठेवणार?

गेल्या वर्षी पंप दुरुस्तीसाठी महिनाभर बंद होता. पाणी आठ मीटरवर अडलं. माझे आकडे टिपणारे काका रोज वहीत आठ लिहीत. टिटवीलाही वाटलं, काठ हाच. तिनं दहाच्या खुणेशी खडीत चार अंडी घातली. इथला काठ रोज हलतो, हे त्या बयेला कोण सांगणार?

पंप सुरू व्हायच्या दिवशी काकांना अंडी दिसली. त्यांनी नियंत्रण कक्षात फोन लावला. तिथली मुख्य इंजिनीयर त्यांचीच लेक.

"पोरी, आज नऊवर थांब. दहाला अंडी आहेत."

"बाबा, कामावर मॅडम म्हणायचं ठरलंय ना? आणि बारा मीटरपर्यंत भरायचंय. वीज कमी पडली तर कोळसा जास्त जाळावा लागेल. तो धूर पाखरांना चालतो वाटतं?"

"मॅडम, पंप बंद झाल्यावर घातलेली अंडी. पाच-सहा दिवसांत पिल्लं निघतील."

तिनं फोन ठेवला. पाणी चढू लागलं. साडेआठ. पावणेनऊ. टिटवी कोकलत घिरट्या घालत होती आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

नऊवर पंप थांबला. दुरुस्तीनंतरच्या चाचणीचे सहा दिवस कमीच भरायचं, असं तिनं वरिष्ठांकडून मंजूर करून घेतलं. त्या दिवसांत कोळसा जास्त जळला, हेही खरंच. सहाव्या दिवशी चार पिल्लं तुरुतुरु पळाली. जाताना त्यांची आई माझ्या डोक्यावर शिटून गेली. हे आमचे आभार!

आता काका निवृत्त झालेत. माझ्या जागी यंत्र बसणार, आकडा थेट कार्यालयात जाणार. यंत्र चुकणार नाही, पण आकडा टिपायला रोज काठावर कोणी येणारही नाही. मला खुशाल भंगारात काढा, गंजलेच आहे मी. फक्त पंप सुरू करण्याआधी एक माणूस इकडे पाठवा.

सोमवारपासून पंप पुन्हा दुरुस्तीला बंद आहे. आणि ती बया दहाच्या खुणेशी खडी उकरतेय.