होडीतला वाफा

सकाळी उठल्या उठल्या ओझमारिनाबाईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. कांद्याची पात पिवळी पडली होती, कोथिंबिरीनं मान टाकली होती, आणि हे कुणामुळं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. सून इरासी चुलीपुढं मासा भाजत होती. तिनं वर बघितलं नाही. वर बघितलं असतं तरी म्हातारी म्हणाली असती, बघा, डोळे वटारते.

वाफा म्हणजे जुनी होडी, खांबांवर छातीइतकी उचललेली, आत कुजक्या खोडांची काळी माती. अमेझॉनच्या काठाला घरोघर हेच. नदी चढली की अंगण चार महिने पाण्याखाली, मग हिरवं खायचं ते होडीतलं, औषधाचा पाला तोडायचा तोही होडीतलाच. जिचा वाफा हिरवा ती बाई शहाणी, आणि ओझमारिनाबाई तीस वर्षं शहाणी होती. औंदा तिची फुटकी, गळकी होडी खांबांवरच कुजून कोसळली. लेकानं, वाल्देनोरनं, आपली मासेमारीची जुनी पण धडधाकट होडी तिथं चढवून दिली. त्याच साली घरात सून आली. झालं! म्हातारीला दुसरं कारण शोधायची गरजच उरली नाही.

विटाळशी बाई जवळनं गेली की पात जळते, असं म्हणत तिनं इरासीला त्या दिवसांत कोंबड्यांच्या खुराड्यापाशी बसवलं. पात जळायची थांबेना, तेव्हा हिची नजरच वाईट म्हणायला लागली. पोरीच्या ताटात माशाचं डोकं आणि मूठभर कसावा कंदाचं पीठ, तेही सगळ्यांचं झाल्यावर. शेजारणी तिला बघून पोरांना पाठीमागं ओढायच्या.

इरासी वरच्या रानातली. होडीतलं तिला फारसं कळत नव्हतं, पण माती कळायची. एका दुपारी सासू नदीवर गेलेली बघून तिनं वाफ्यात बोट खुपसलं. वर कोरडं, खाली नुसता चिखल, आणि नाक फुटेल असा वास. वाकून बूड बघितलं, तर थेंब गळत नव्हता. फटीन्‌फट कापूस ठोकून राळेनं भरलेली. होड्या बांधणाऱ्या नवऱ्याचाच हात तो! होडीत मासे घालायचे की माती, त्याला भोक दिसलं की ते बुजवल्याशिवाय चैन पडत नाही. पावसाचं पाणी आत साचत होतं आणि मुळं सडत होती.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं, बुडाला चार भोकं पाडा. तो हसला. होडीला भोकं पाडायला मला काय येड लागलंय, म्हणाला. आतनं सासूनं ऐकलं आणि ही आता माझ्या लेकाच्या हाताला नावं ठेवते म्हणत घर डोक्यावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी मायलेक जाळं ओढायला गेले, तशी इरासीनं गिरमिट उचललं. वाफ्याखाली उकिडवी बसून पाच भोकं पाडली. काळं घाण पाणी तिच्या हातांवरनं कोपरापर्यंत ओघळलं. आधी हिरवं होऊ दे, मग तोंड उघडू, असं तिनं ठरवलं. इथंच चुकली बिचारी.

दुपारी म्हातारी चार शेजारणी घेऊनच आली.

"हिला पंधरा दिस बापाकडं धाडते," ती म्हणाली. "वाफा सुधारला तर ही परत यायची न्हाई. न्हाई सुधारला तर म्या हिच्या पाया पडंन."

शेजारणींना हा न्याय फार पसंत पडला. इरासी मात्र धावत पुढं झाली.

"आत्या, भोकं म्या पाडलीत सकाळी. आता तो सुधारणारच!"

"बगा, सबब आधीच तयार," म्हातारी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

खाली वाकून बघायची तसदी एकीनं घेतली नाही. मागनं जाळं घेऊन आलेला वाल्देनोर तेवढा वाकला. त्यानं एका भोकात बोट घातलं. बोट काळं होऊन बाहेर आलं. इरासी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"काय न्हाई," तो म्हणाला, आणि बोट विजारीला पुसलं.

पंधराव्या दिवशी तो तिच्या बापाच्या घाटाला होडी घेऊन आला. होडीत तिची पेटी होती आणि पेटीवर हिरव्यागार पातीची जुडी. आईनं रश्शात घालायला दिलीय, म्हणाला.

"तुमी बोट घातलं हुतं भोकात."

"घातलं हुतं."

"मंग बोलला का न्हाई?"

तो डब्यानं होडीतलं पाणी उपसायला लागला.

"लोक होडीच्या कामाला मला बोलावत्यात, इरासी. माज्याच आईचा वाफा म्या सडवला, म्हणून सांगू? हसतील की."

"आन्‌ माजं काय?"

"तुला बाप हाय," तो म्हणाला, आणि पेटी उतरवून वल्हं मारत निघून गेला.

त्या साली नदी फार चढली. त्याआधी वाल्देनोरनं काठावरच्या सहा घरांना नवे वाफे करून दिले, प्रत्येकाच्या बुडाला पाच-पाच भोकं पाडून, वाफ्यामागं एक कोंबडी घेऊन. सगळे वाफे हिरवेगार झाले. बाया म्हणायच्या, हाताला गुण आहे त्याच्या, ती अवदसा गेली तेव्हापासनं.