मुलाच्या ताब्याचा तास

कायद्याच्या कॉलेजात तिला सगळे वेळापत्रकबाई म्हणत. कॉलेजची मुलं वस्त्यांमध्ये, कारखान्यांमध्ये जाऊन लोकांना फुकट कायदा शिकवत: भाडेकरार कसा वाचायचा, पोलिसांनी बोलावलं तर काय विचारायचं, कामावरून काढलं तर कुठे जायचं. कुणी, कुठे, कधी आणि काय शिकवायचं, हे ठरवणं बाईचं काम. ज्यांना स्वतःचं कपाट आवरता येत नाही अशी वीस-एकवीस वर्षांची पोरं ती चार ठिकाणी वेळेवर पोचवायची. "तुमचा कायदा माझ्या घड्याळानंतर सुरू होतो," असं दटावायची.

प्रत्येक केंद्रावर एक तास मात्र ती न विचारता घालायची, आणि त्या तासाला स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसायची. आई-वडील वेगळे झाल्यावर मूल कुणाकडे, हा तो तास.

कारण कुणाला माहीत नव्हतं. सव्विसाव्या वर्षी तिचा घटस्फोट झाला तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. नवऱ्याच्या वकिलाने कागद पुढे केला. मुलगी बापाकडे राहील, आई भेटीचा हट्ट धरणार नाही. तिने सही केली. सही केली म्हणजे संपलं, असं तिला वाटलं. तिला वेगळं सांगणारं कुणी नव्हतंच. तेरा वर्षांनी, कॉलेजात कारकून असताना, वर्ग संपायची वाट बघत किल्ल्या घेऊन ती दाराशी उभी होती. आत एक विद्यार्थी सांगत होता, मुलाच्या बाबतीतला कागद कधीच कायमचा नसतो, कोर्टाकडे पुन्हा जाता येतं. किल्ल्यांचा जुडगा तिच्या हातातून खाली पडला. तिने धावपळ करून अर्ज लिहून घेतला, पण तो दाखल होईपर्यंत मुलगी अठरा वर्षांची झाली. अठरा वर्षांच्या माणसाचा ताबा कुणी कुणाला देत नाही. पुढच्याच आठवड्यात तिने प्राचार्यांकडून हे वर्गांचं काम मागून घेतलं. त्याला आता सहा वर्षं झाली होती.

या वर्षी त्यातला एक तास शिवणकारखान्याच्या कँटीनमध्ये होता. शिकवायला आलेल्या मुलीला सगळे 'समजा' म्हणत, कारण तिचं प्रत्येक वाक्य त्याच शब्दाने सुरू व्हायचं. पाळी सुटली होती. केसांत धाग्यांचे तुकडे घेऊन वीसेक बायका बाकांवर दाटीवाटीने बसल्या होत्या.

"समजा, एका बाईने मुलाचा ताबा सोडून दिला—" समजाने सुरुवात केली.

"समजा कशाला?" इस्त्री विभागातली एक बाई उभी राहिली. "माझंच सांगते की. पोरगा पाच वर्षांचा आहे. वर्ष झालं मी सही करून. आता काय?"

समजा क्षणभर गडबडली, पण नियम तिने चोख सांगितला. अर्ज करता येतो, भेटीचे दिवस मागता येतात, कॉलेजचं मदत केंद्र कागद करून देतं.

"अर्ज करीन हो," इस्त्रीवाली म्हणाली. "पण तो मला ओळखेल का? वर्षभरात पोरं विसरतात म्हणे. उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला?"

समजाने टिपणं चाळून पाहिली. तिने मागे पाहिलं. वेळापत्रकबाई उठून उभी राहिली होती. ती वर्गात कधी बोलत नसे.

"बुधवारी अकराला मदत केंद्रात ये," ती म्हणाली. "मी असेन. वर्षच झालंय ना? मी तेरा वर्षं गप्प बसले. पोरीला त्रास नको, असं मीही म्हणायचे. खरं तर मला भीती वाटायची, तिने ओळखलं नाही तर."

इस्त्रीवालीने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "अकराला येते."

परत येताना निम्म्या रस्त्यात समजाने हळूच विचारलं, "बाई, मुलगी आता केवढी आहे?"

"चोवीस."

"कुठे असते, माहीत आहे?"

"पत्ता आहे. माझ्या मावशीने दिला होता, दोन वर्षांपूर्वी."

"मग अडलंय कुठे? आता ना कोर्ट, ना अर्ज."

"तेच तर," बाई म्हणाली. "कोर्टाने नाही म्हटलं असतं तर कोर्टाला बोल लावता आला असता. तिने नाही म्हटलं तर कुणाला लावू?"

समजाने बाईच्या खांद्यावरची वर्गाच्या कागदांची पिशवी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली.

इस्त्रीवालीचा अर्ज झाला, तारखा पडल्या आणि दर शनिवारी दुपारची भेट मंजूर झाली. पहिल्या भेटीनंतर ती सांगायला आली. "तासभर बापाच्या मागे लपला. मग माझ्या बोटावरचा चटका बघून म्हणाला, दुखतं का?" एवढं सांगून ती रडली आणि हसली.

त्या रविवारी सकाळी वेळापत्रकबाईने पत्र लिहिलं. सात कागद फाडले. आठव्यावर सफाई दिली नाही, रडगाणं गायलं नाही. काय झालं ते लिहिलं, कुठे काम करते ते लिहिलं आणि खाली पत्ता.

उत्तर यायला दीड महिना लागला. ऑफिसच्या टपालात आलं. अक्षर अनोळखी होतं. आपल्या मुलीचं अक्षर कसं असतं हेही तिला ठाऊक नव्हतं. तिने दार लोटून घेतलं.

'तुमचं पत्र मिळालं. मी नको होते म्हणून तुम्ही गेलात, असंच मला सांगितलं होतं. तुमच्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते मला कळत नाही. भेटायला मी आत्ता येणार नाही. कृपया तुम्हीही येऊ नका. पण पत्र लिही.'

पत्रभर 'तुम्ही' होतं. पोटच्या पोरीने तिला परक्या बाईसारखं 'तुम्ही' म्हटलं होतं. शेवटच्या ओळीत मात्र 'लिही' होतं, 'लिहा' नव्हतं. चुकून असेल, घाईत असेल. बाई ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

बाहेर कुणीतरी दार वाजवत होतं. गोदामाच्या वर्गाला कोण जाणार ते विचारायचं होतं. "पाच मिनिटं थांबा," ती म्हणाली. असं ती कुणाला कधी म्हणत नसे. तिने कोरा कागद ओढला. विचारायचं कितीतरी होतं: डाव्या हाताने लिहितेस का अजून, झोपेत बोलतेस का, तुला घरात काय म्हणून हाक मारतात. त्यातलं काय आधी विचारावं ते तिला ठरवता येईना. शेवटी तिने लिहिलं, 'तुझा आवाज आता कसा आहे, ते मला ठाऊक नाही.'