सोपी केलेली डबी

बाबांना यापुढे एकट्याने फिरू द्यायचं की नाही, हे आज ठरणार होतं. ते दोनदा घराचा रस्ता चुकले, म्हणून दादाने परीक्षाच ठेवली: फोन बघून एक डबी स्वतः शोधून दाखवा, मग तुम्हाला कुणी अडवणार नाही. जन्मभर बस चालवलेल्या माणसाची परीक्षा! दादाचा मला असा राग आला होता की काय सांगू.

जिओकॅशिंगचं वेड बाबांना निवृत्तीनंतर लागलं. कुणीतरी डबी लपवतं, जागा फोनवर टाकतं, बाकीचे शोधत फिरतात. बाबांनी जुन्या टपालरस्त्यावरची डबी निवडली, टपालाचे घोडे बदलायचे त्या पडक्या ठाण्याजवळची. मी कालच गुपचूप जाऊन आले. डबी भिंतीच्या भोकात खोल होती, तोंडाशी दगड. हे बाबांना कुठलं जमायला! मी ती काढून समोरच्या झाडाच्या बुंध्याशी, सहज दिसेल अशी ठेवली आणि स्वतःवरच खूश होऊन घरी आले. नसत्या उठाठेवी करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आज दादा, बाबा आणि मी ठाण्यापाशी पोचताच बाबांनी फोन खिशात टाकला आणि तडक भिंत गाठली. दगड काढला, हात घातला. शेजारची भोकंही चाचपली.

"बाबा, त्या झाडाकडे बघा की जरा," मी म्हणाले.

"झाडाकडे कशाला? इथंच ठेवली होती मी." बोलून गेले आणि त्यांचा चेहरा पडला. "माझीच डबी आहे ही. म्हटलं, हिच्यात तरी चुकणार नाही." ते तिथंच दगडावर बसले आणि दादाला म्हणाले, "तुझंच खरं रे. आता हेही आठवत नाही. उद्यापासून नाही जाणार एकटा."

धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला. गप्प बसले असते तर दादासमोर माझी अब्रू वाचली असती, पण बाबांचे मातीने भरलेले हात बघवेनात.

"तुम्ही काही विसरला नाहीत बाबा. काल मीच हलवली ती. तुम्हाला सोपं जावं म्हणून."

मी डबी आणून दिली. दादाने घसा खाकरला. "बाबा, जात जा तुम्ही एकटे. मी परत काही बोलणार नाही."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डबीवरची माती ते सदऱ्याने पुसत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे," ते मला म्हणाले, "तुलाही वाटलं नव्हतं, मला सापडेल असं."