नेस्टरचा डावा कान

नेस्टर माग्बानुआला एकाच कानानं ऐकू येतं, हे मनिलातल्या एकाही गायकाला कधी कळलं नव्हतं. डॉक्टर पद्मिनीला मात्र ते पहिल्याच भेटीत कळलं, कारण तिचं कामच ते होतं. मिरजेच्या मेडिकल कॉलेजात शिकलेली पद्मिनी तेव्हा आयर्लंडमधल्या कासलबारच्या रुग्णालयात कान-नाक-घशाची डॉक्टर होती. २००९ चा सप्टेंबर होता. समोर बसलेला पिकल्या केसांचा, साठीकडे झुकलेला माणूस तिच्याच वॉर्डातल्या सिस्टर लूर्डेसचा नवरा होता.

"डाव्या कानात शिट्टी वाजते," तो म्हणाला. "सारखी, एकाच पट्टीत. आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवून उठलो की तोल जातो."

"आणि उजवा कान?"

"तो लहानपणीच गेला, तापात." नेस्टर ओशाळं हसला. "लूर्डेसखेरीज कुणाला बोललो नाही. एका कानाच्या माणसाला रेकॉर्ड काढायला कोण देईल?"

आणि रेकॉर्ड तर त्यानं ढिगानं काढल्या होत्या. इलोइलोहून मनिलाला येऊन तो आधी एका हॉटेलात पियानो वाजवायचा. मग एका स्पर्धेत त्याचं गाणं पहिलं आलं, आणि रेकॉर्ड कंपनीनं त्याला उचललं. गाणी लिहायची, चाली बांधायच्या, गायक निवडायचा, वादक जमवायचे, आणि काचेमागे बसून 'पुन्हा एकदा' म्हणत राहायचं, असं त्याचं आयुष्य वीस वर्षं चाललं. त्याची गाणी जीपनी म्हणतात त्या रंगीत बसगाड्यांत वाजली, लग्नात वाजली, आणि पुढं कराओकेच्या यंत्रांत जाऊन बसली. मग फुटपाथवर चोरून छापलेल्या सीड्यांचे ढीग लागले, कंपनी बसली, आणि नव्या पोरांना नवे आवाज हवे झाले. लूर्डेसला आयर्लंडमध्ये नर्सची नोकरी मिळाली तशी नेस्टर तिच्यामागून बायकोच्या व्हिसावर मेयो परगण्याच्या पावसात येऊन पडला. इथं त्याला ओळखत होत्या त्या फक्त फिलिपिनो नर्सेस. त्यांनी त्याची गाणी आईच्या दुधाबरोबर प्यायलेली होती. बाकी गावाला तो रविवारी ऑर्गन वाजवणारा आणि मुलांना पियानो शिकवणारा सभ्य गृहस्थ होता.

तपासण्या झाल्या. डाव्या कानाच्या नसेवर गाठ होती. कर्करोग नव्हता, पण गाठ मेंदूच्या देठाकडे सरकत होती, आणि ती काढायची तर नस वाचणार नव्हती. उजवीकडे यंत्र बसवूनही उपयोग नव्हता. तिथली नस लहानपणीच मेली होती.

पद्मिनीनं दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. लूर्डेस नर्स होती, तिनं एकच प्रश्न विचारला, "कधी?"

"डब्लिनला न्यूरोसर्जनशी बोलते. पुढच्या दीड-दोन महिन्यांत करून टाकावं."

"आणि नाही केलं तर?" नेस्टरनं विचारलं.

"ती वाढत जाईल. मग एक दिवस घाईघाईत करावं लागेल आणि तेव्हा हातात काही नसेल."

नेस्टरनं मान हलवली. मग म्हणाला, "मी जाईन. पण आधी लूर्डेसनं एक गाणं गायचं. मी रेकॉर्ड करणार."

लूर्डेसनं नवऱ्याकडे असं पाहिलं, की पद्मिनीला वाटलं आपण आत्ता या खोलीत नसावं.

"नाही," ती म्हणाली आणि उठून वॉर्डात निघून गेली.

*

त्या 'नाही'मागं काय होतं ते पद्मिनीला हळूहळू कळलं. नेस्टरनं आपल्या घरी बोलावून तिला मागची खोली दाखवली. भिंतींवर रजया टांगल्या होत्या. टेबलावर कॉम्प्युटर, कीबोर्ड, एक चांगला माईक. त्यानं गाण्याचं संगीत वाजवून दाखवलं. पियानो होता, गिटार होती, मागं वॉर्डातल्या चार नर्स मुलींचा कोरस होता. मध्ये आवाजाची जागा तेवढी मोकळी होती. पद्मिनी शाळेत असताना पाच-सहा वर्षं गाणं शिकली होती. ती मोकळी जागा तिला चांगलीच जाणवली.

"माझं प्रत्येक गाणं पहिल्यांदा लूर्डेसनं गायलंय," नेस्टर सांगू लागला. "ती नर्सिंगला होती तेव्हापासून. मी चाल बांधायचो, ती गायची, मी टेप करायचो. ती टेप ऐकून मोठ्या गायिका गाणं बसवायच्या. तिच्या हरकतीसकट उचलायच्या. रेडिओवर त्यांचं नाव यायचं. आम्ही दोघं ऐकत बसायचो."

"मग त्या टेप असतील ना?"

"त्यांच्यावरच पुढची गाणी टेप केली. टेप महाग होत्या." तो कीबोर्डवरची धूळ पुसत राहिला. "तेव्हा वाटायचं, आवाज काय, घरातच आहे. डॉक्टर, कान जायचाच असेल तर शेवटचं जे त्यात पडेल ते मी ठरवीन. एवढंच मागतोय."

पद्मिनीला ते पटलं, आणि पटलं म्हणूनच भीती वाटली. तिनं वॉर्डातल्या चहाच्या खोलीत लूर्डेसला गाठलं.

"सिस्टर, एक गाणं गाऊन टाका ना. दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्यांना डब्लिनला घेऊन जाते."

लूर्डेसनं कप खाली ठेवला. "तुम्हाला वाटतं मी हट्टानं बसलेय? डॉक्टर, त्या माणसाला मी तुमच्यापेक्षा ओळखते. कंपनी बंद पडली तेव्हा तो तीन आठवडे अंथरुणातून उठला नव्हता. आत्ता तो एका गाण्यासाठी जगतोय. ते मी गायलं, त्यानं ऐकलं, की झालं. मग तो ऑपरेशनच्या टेबलावर निवांत जाऊन झोपेल, आणि परत उठायचं त्याला कारणच राहणार नाही. मी नाही गायले तर काहीतरी राहिलेलं असेल. राहिलेल्यासाठी माणूस उठतो."

"पण ते जातच नाहीयेत. गाठ थांबत नाही."

"जाईल. थकेल आणि जाईल," लूर्डेस म्हणाली. "आजवर माझ्यापुढं त्याचं कधी चाललंय?"

पद्मिनीचा नवरा अंबरीश डब्लिनला ग्रँड कॅनाल डॉकजवळच्या एका कंपनीत इंजिनीअर होता, शनिवार-रविवार कासलबारला यायचा. त्याला तिनं सगळं सांगितलं.

"अगं, तू दोघांनाही समोरासमोर बसवून सांग ना एकदाचं," तो म्हणाला.

"सांगितलं रे. दोघंही मान हलवतात, इथल्या लोकांसारखं 'ग्रँड, डॉक्टर, ग्रँड' म्हणतात, आणि घरी जाऊन पुन्हा तेच."

"मग तू तरी काय करणार? डॉक्टर आहेस, सासूबाई नाहीस त्यांची."

पद्मिनी हसली, पण तिला रात्रभर बरं वाटलं नाही. दोघंही एकमेकांवरच्या मायेपोटीच अडून बसली होती. त्यांतलं एक जरी स्वार्थी असतं तरी तोडगा निघाला असता.

थंडी आली. डब्लिनची तारीख आली, ती नेस्टरनं पुढं ढकलून घेतली. नवी आली, तीही ढकलली. दुसऱ्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली. पद्मिनी त्याच्यावर चक्क ओरडली. तो म्हणाला, "ईस्टरनंतर नक्की. ईस्टरला तिचा हट्ट उतरेल." ऑर्गनवर त्याचा डावा हात आता अडखळायचा. चर्चमधल्या म्हाताऱ्या बायका म्हणू लागल्या की बिचाऱ्याचं वय झालं.

ईस्टरच्या दोन आठवडे आधी, रविवारच्या भर प्रार्थनेत, नेस्टर ऑर्गनच्या बाकावरून खाली कोसळला. लूर्डेस पुढच्याच बाकावर होती. रुग्णवाहिकेतून त्याला डब्लिनला नेलं, आणि त्याच दुपारी डोक्यात साठलेलं पाणी काढून गाठीवर शस्त्रक्रिया झाली. पद्मिनी संध्याकाळी पोचली तेव्हा लूर्डेस कॉरिडॉरमध्ये बसली होती. अंगावर चर्चचा चांगला कोट तसाच होता.

"चार मिनिटांचं गाणं होतं, डॉक्टर," ती म्हणाली. "मोठं नव्हतं."

पद्मिनी तिच्याशेजारी बसून राहिली. 

*

नेस्टर उठला. लूर्डेसचं म्हणणं एवढ्यापुरतं खरं ठरलं. पण चेहऱ्याची डावी बाजू उतरली ती उतरलीच, आणि ऐकणं संपलं. आपण किती मोठ्यानं बोलतो हे त्याला कळेना, म्हणून तो बोलेनासाच झाला. स्वयंपाकघरात लूर्डेसनं एक पांढरा फळा लावला. त्यावर ती लिहायची आणि तो वाचून मान हलवायचा. ओठ वाचायला तो शिकला, पण समोरच्यानं तोंड फिरवलं की सगळं हरवायचं. पियानोचे विद्यार्थी गेले. ऑर्गनवर एक तरुण मुलगी बसू लागली. मागच्या खोलीचं दार बंद राहिलं.

लूर्डेस पद्मिनीशी कामापुरतं बोलायची. राग होता की लाज, कोण जाणे. बहुधा दोन्ही. पद्मिनीलाही तिच्या वॉर्डात जाताना पाऊल जड व्हायचं. आपण आणखी काही करायला हवं होतं का, हे ती स्वतःला विचारायची; उत्तर दर वेळी वेगळं यायचं.

नेस्टर तपासणीला वर्षातून दोनदा यायचा. एकदा तिनं कागदावर लिहून विचारलं, 'गाणी सुचतात का?'

त्यानं वाचलं आणि जरा मोठ्या, सपाट आवाजात तो म्हणाला, "सुचतात. तेच वाईट आहे. भाड्याची खोली मोडल्यावरही जुने पाहुणे दार वाजवत येतात ना, तसं. मी त्यांना सांगतो, बाबांनो, दुसऱ्या कुणाकडे जा."

पद्मिनीनं डोळे टिपायचे टाळले, कारण तो आता चेहरेच वाचायचा.

*

२०१३ च्या उन्हाळ्यात लूर्डेस निवृत्त झाली. दोघांनी इलोइलोला परत जायचं ठरवलं. निघण्याच्या आठवड्यात लूर्डेसनं पद्मिनीला वॉर्डाबाहेर थांबवलं.

"शनिवारी घरी याल? मला तुमचे कान हवेत."

पद्मिनी गेली. खोक्यांच्या राशीतून वाट काढत ती मागच्या खोलीत पोचली, तर कॉम्प्युटर चालू होता आणि रजया अजून भिंतीवर होत्या. नेस्टर दारात उभा होता, चिडलेला.

"कशासाठी?" तो मोठ्यानं म्हणाला. "मला काय त्याचं? कुणासाठी गातेस?"

लूर्डेसनं स्वयंपाकघरातला फळा काढून आणला होता. त्यावर तिनं लिहिलं, 'माझ्यासाठी.'

नेस्टरनं ते वाचलं.  इतकी वर्षं त्याच्या बायकोनं जे गायलं ते दुसऱ्या कुणीतरी गावं म्हणून गायलं होतं. एकही गाणं तिच्या नावावर नव्हतं. मग तो मुकाट्यानं खुर्चीवर बसला आणि त्यानं सराईत हातानं माईकची उंची लावली. पद्मिनीला दुसरा हेडफोन दिला. स्वतः पडद्यावरच्या हिरव्या रेषांवर नजर लावून बसला.

लूर्डेस गायली. साठीचा आवाज होता. वरच्या सुरांना थोडा कापत होता, खाली मात्र जाड आणि ऊबदार. शब्द पद्मिनीला कळत नव्हते. एका नदीचं गाणं होतं, एवढं नेस्टरनं पूर्वी सांगितलेलं. कोरसातल्या चार मुलींपैकी दोघी आता कॉर्कला गेल्या होत्या, एक ऑस्ट्रेलियाला. त्यांचे कोवळे आवाज चार वर्षांनी आपल्या मुख्य गायिकेला भेटले.

गाणं संपल्यावर नेस्टर पद्मिनीकडे वळला. पडद्यावर एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाला, "इथं. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी. सूर उतरला का?"

पद्मिनीनं खोटं बोलायचा विचार केला. मग कागद घेऊन तिनं लिहिलं, 'हो. किंचित.'

नेस्टरचा चेहरा, हलत होता तेवढा, उजळला. "तिथं ती नेहमी उतरते. मी तिला पुन्हा गायला लावायचो, मग ती चिडायची." त्यानं फाईल जतन केली. "राहू दे तसंच."

मागून लूर्डेसनं हेडफोन काढत विचारलं, "कसं झालं?"

नेस्टरची तिच्याकडे पाठ होती. तो तारा गुंडाळत राहिला. पद्मिनी उत्तर द्यायला गेली, पण लूर्डेसनं हातानंच तिला थांबवलं. खुर्चीला वळसा घालून ती त्याच्या समोर आली, त्याच्या गुडघ्यांवर हात ठेवून खाली बसली, आणि ओठ नीट हलवत तिनं पुन्हा विचारलं, "कसं झालं?"

"मला कसं कळणार, लूर्डेस?" तो म्हणाला.

पद्मिनी हळूच उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं चहाचं आधण ठेवलं. दोघांना पुरेल एवढंच ठेवलं, आणि त्यांना न सांगता ती गाडीकडे गेली.