गुरुवारचा मित्र

तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली सुताराची बायको काठी टेकत चार जिने उतरली, आणि उतरल्या उतरल्या तिनं आभार मानायचा सपाटाच लावला. कूस बदलून देणारी शेजारीण झाली, पाय चोळणारी नर्स झाली, औषधं घरपोच पाठवणारा दुकानदार झाला. "अहो, या माणसांनी मला उभं केलं!" सुताराचं म्हणाल तर तो पिशवी घेऊन मागून चालत होता नि त्याचे डोळे सारखे भरून येत होते. बायको चालतेय, आणखी काय हवं माणसाला?

"आता तुमचा मित्र," ती म्हणाली. "दर गुरुवारी पत्ते खेळायला जायचात तो. त्यानंच तुम्हाला धीर दिला. चला, त्याच्याकडे जाऊ."

मित्र कसला नि पत्ते कसले! गुरुवारी सुतार पैसे देऊन एका बाईकडे जायचा. मनाची समजूत त्यानं रंधा मारून मारून गुळगुळीत केली होती. आजारी बायकोला त्रास नको म्हणून जातो. जबरदस्ती थोडीच करतो? उलट त्या बाईचं घर चालतं. आणि आपण काही इतरांसारखे नाही, तिच्या दाराची कडीसुद्धा फुकट बसवून दिली.

'तो गेला गाव सोडून' एवढं म्हटलं असतं तर सुटला असता. पण सकाळपासून ही ज्याला त्याला मनापासून हात जोडत होती, आणि आता त्याच्या थापेलाही जोडायला निघाली होती. ते काही त्याला सोसवेना. त्यानं तिला रस्त्याकडेच्या बाकावर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं.

तो काकुळतीला आला. "अगं, तुला त्रास नको म्हणूनच गेलो. आणि तिची कधी तक्रार नव्हती. हसून दार उघडायची."

"हसून?" बायको म्हणाली. "तीन वर्षं माझ्या अंगाला ज्याचे त्याचे हात लागले. काही अगदी नकोसे वाटायचे. पण इलाज नव्हता, म्हणून मीही हसायचे."

"कुणाचे?" त्याचा आवाज चढला. "कुणाचे हात? नाव सांग."

"कधीकधी तुमचेसुद्धा," ती म्हणाली.

मग काठी टेकून ती उठली. सुतारानं हात पुढे केला होता, पण तिनं तो धरला नाही.